अन्यत्र वापरात असण्याची शक्यता

देवरी, ४ नोव्हेंबर २०२५

चि. रेणू हिस,

मामाचं पाया पडणं. पुण्यात राहून विसरली असशील म्हणून सांगतो, आपल्याकडे भाची कितीही लहान असो, वाकायचं मामानेच. तेव्हा आधी वाकतो आणि मग तक्रार सांगतो.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर माणूस हो-हो म्हणून मोकळा होतो. कागदावर हो लिहायला बसलं की हात थांबतो. मला थांबलेल्या हाताचं उत्तर पाहिजे.

माझं लिपीसखा बंद पडलं आहे. दुकानातला तो कॉम्प्युटर तुला आठवत असेल, त्यावर तू सुटीत तुझं नाव वीस प्रकारच्या अक्षरांत छापून घेतलं होतंस. २००९ साली गोंदियाहून त्याची सीडी आणली, रोख अकरा हजारांची. खोक्यावर ठळक छापलं आहे, 'एकदा घ्या, आयुष्यभर वापरा.' सोळा वर्षं लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, नाटकांची पोस्टरं, सगळं त्याच्यावर केलं. आता दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रांचा मोसम आहे, रोज एका गावात नाटक, म्हणजे रोज एक पोस्टर. आणि २८ तारखेला दुपारी पडद्यावर हे आलं:

'आपला परवाना या संगणकावर वैध नाही. तो अन्यत्र वापरात असण्याची शक्यता आहे.'

फाईल उघडते, पण छापायला गेलं की अक्षरांवरून आडवी राखाडी पट्टी येते. खोक्यावरच्या नंबरावर फोन लावला तर एक बाई एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. मी सगळे आकडे दाबून पाहिले.

आता तू हुशार आहेस, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस, म्हणून विचारतो. अन्यत्र म्हणजे कुठे? माझी वस्तू माझ्या टेबलावरून उठून जाते कशी? त्या दुपारी मी जेवायला घरी गेलो होतो. अर्धा तास दुकानात एकच माणूस होता, आपला महाप्रसाद. परत आलो तेव्हा तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, निघतो. चहासुद्धा घेतला नाही. गेल्या वर्षीच त्याच्या पोराने, हिमांशूने, कोहमाऱ्याला फ्लेक्सचं दुकान टाकलं आहे, हे तुला माहीत आहेच.

मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवतो.

तुझा मामा,
चैतराम


पुणे, १३ नोव्हेंबर २०२५

ती. मामाजींना नमस्कार.

तुमच्या वाकण्याने मला नेहमीच अवघडल्यासारखं होतं, यावेळी जरा जास्त झालं.

मामाजी, आधी एक सांगते. महाप्रसादमामांवर संशय घेऊ नका. मी पाच वर्षांची असताना आई मला तुम्हा दोघांची गोष्ट सांगायची. त्यांच्या काकांनी जगन्नाथपुरीहून आणलेला सुका भात, गावासमोर तुम्ही दोघांनी एकमेकांच्या तोंडात ठेवलेला एकेक दाणा, आणि तेव्हापासून सख्ख्या भावांसारखं नातं, दोघांनी एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'महाप्रसाद' म्हणायचं. मी शाळेत जाईपर्यंत मला त्यांचं दुसरं काही नाव असेल असं वाटलंच नव्हतं.

दोन गोष्टी कळवाल का? त्या दिवशी कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलं गेलं होतं का? आणि खोक्याच्या मागे एक सोळा आकडी क्रमांक असेल, तो लिहून पाठवा. आणि आता कुणाच्या तरी मोबाईलने नेट जोडून ठेवा. ओळखीत कुणाला तरी विचारून पाहते.

मामीची गुडघेदुखी कशी आहे? मी इथे बरी आहे. काम खूप असतं, काय असतं ते सांगण्यासारखं नसतं.

तुमची,
रेणू


देवरी, २० नोव्हेंबर २०२५

चि. रेणू हिस, मामाचं पाया पडणं.

तुझ्या एका प्रश्नाने डोक्यात लख्ख उजेड पडला. नेट जोडलं होतं का? माझ्या कॉम्प्युटरला सोळा वर्षांत नेट लागलेलं नाही. मी लागू दिलं नाही. चोराला दाराचं माप कोण देतं? मग मी तुझ्या मामीला विचारलं, तिला दळण घेऊन दुकानावरून जाताना दिसलं होतं. महाप्रसादाने स्वतःचा मोबाईल वायरने कॉम्प्युटरला लावला होता. म्हणजे तू बरोबर नाडी पकडलीस. नेटवरूनच माझं लिपीसखा उपसून नेलं.

मामीने माझ्याशी वाद घातला. ती म्हणते, पोस्टरमधल्या नटीचा फोटो कमी पडत होता, तो त्याने मोबाईलवरून काढून दिला, माझंच काम हलकं केलं. फोटो आला हे खरं आहे. पण वाकड्या कामाला माणूस सरळ निमित्त शोधतोच.

मग परवा मी बसने कोहमाऱ्याला गेलो. दुकानात गेलो नाही, समोरच्या ढाब्यावर बसून पाहिलं. हिमांशूच्या दुकानाबाहेर एका नाटकाचा फ्लेक्स लटकला होता. रेणू, त्यातली अक्षरं माझी आहेत. तो जाड वळणाचा 'झ', मी लिपीसखात झाडीपट्टीच्या नाटकांसाठी वापरतो तोच. ते पोस्टर गेल्या वर्षीपर्यंत माझ्याकडे यायचं.

हिमांशूने मला पाहिलं, हात जोडले, चहाला बोलावलं. मी बस सुटते म्हणून निघालो. त्याच्या वागण्यात काहीच खोट दिसली नाही, आणि त्यानेच मला जास्त खटकलं.

क्रमांक पाठवतो आहे, मागच्या पानावर आहे. तुझ्या मामीच्या जुन्या मोबाईलने नेट चालू ठेवलं आहे, तू म्हणालीस म्हणून. नाहीतर ठेवलं नसतं.

महाप्रसादाशी अजून बोललो नाही. तो गुरुवारच्या बाजारात भेटला, रामराम करताना नेहमीसारखं 'सीताराम, महाप्रसाद' म्हणाला. मीही म्हणालो. मग पिशवी न भरताच घरी आलो.

तुझा मामा,
चैतराम


पुणे, २९ नोव्हेंबर २०२५

ती. मामाजींना नमस्कार.

पत्र लहान आहे, कारण मला लिहायला जमत नाही आहे.

हात जोडून विनंती, महाप्रसादमामांना काहीही बोलू नका. काही म्हणजे काहीच नाही. 'झ' सारखा 'झ' शंभर दुकानांत असतो. हे सगळं तांत्रिकसुद्धा असू शकतं. मी इथे एक प्रयत्न करते आहे, आठवड्याभरात कदाचित सुरळीत होईल. तोवर थांबा.

तुमची,
रेणू


देवरी, ५ डिसेंबर २०२५

चि. रेणू हिस, मामाचं पाया पडणं.

तुझं पत्र परवा आलं. उशीर झाला. पण आता कळलं तर तूच म्हणशील, उशीर झाला ते बरं झालं.

३० तारखेला, रविवारी, नाट्य मंडळाची बैठक होती. चाळीसेक माणसं असतील. मोसमातली उरलेली सहा पोस्टरं कुणाला द्यायची ते ठरत होतं. कुणीतरी म्हणालं, चैतरामजीचं मशीन बंद आहे, कोहमाऱ्याला देऊन टाका. योगराज, हिमांशूचा बाप, तिथेच बसला होता, कपबशी हातात. तो म्हणाला, माझ्या महाप्रसादाचं काम त्याच्याकडेच राहू द्या, माझा हिमांशू छापून आणून देईल, नाव त्याच्याच दुकानाचं टाकेल.

मला ती दया सहन झाली नाही. चोरलेल्या वस्तूवर छापणार आणि वरून माझं नाव टाकणार. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "योगराज, आधी माझी चीज परत कर."

नाव तोंडातून निघालं तशा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं. तुला पत्रातही आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्याने विचारलं नाही की कोणती चीज. कपबशी खाली ठेवली, चप्पल घातली, निघून गेला.

आता ऐक. दुसऱ्या दिवशी, १ तारखेला, सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, आणि लिपीसखा सुरू. पट्टी नाही, परवान्याची भाषा नाही, काही नाही. चोवीस तासांच्या आत! तू म्हणतेस तांत्रिक. मी म्हणतो, चारचौघांत नाव घेतलं की वस्तू आपल्या पायांनी घरी येते.

सगळी सहा पोस्टरं मीच केली. एवढं मात्र कबूल करतो की हात नेहमीसारखा चालला नाही.

तुझी मामी माझ्याशी बोलत नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "त्या भल्या मानसावर काऊन असा आळ घेऊन राहिले जी तुमी? उद्या देवाले का सांगान?" तेव्हापासून ताट वाढते आणि आत जाते. बायकांना पुरावा दाखवूनही पटत नाही.

तुझा मामा,
चैतराम


देवरी, २८ डिसेंबर २०२५

रेणूबाईस, मामाचं पाया पडणं.

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. आधी वाटलं टपाल हरवलं. मग वाटलं कामात असशील. आता जे वाटतं ते लिहितो.

आज सकाळी नाताळच्या सुटीमुळे गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून लिपीसखाची सगळी कप्पे-कुलपं उघडून पाहिली. 'माहिती' नावाच्या कोपऱ्यात पूर्वी माझं नाव असायचं आणि मुदतीच्या जागी 'आजीवन'. आता तिथे लिहिलं आहे, 'वैधता ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत.' आणि खाली, 'खातेधारक: रेणू केवलराम.'

तुझ्या बापाच्या नावासकट तू माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात काय करते आहेस?

मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. मामा संशयी आहे, असं तुझी आई सांगतेच. असेन. पण संशयी माणूस नीट वाचतो. तू नेटचं विचारलंस, ते तुला आधीच माहीत असल्यासारखं विचारलंस. खोक्याच्या मागचे आकडे मोजून सोळा, हे तुला खोकं न पाहता ठाऊक होतं. आणि एवढ्या पत्रांत तुझ्या कंपनीचं नाव एकदाही नाही. मी कधी विचारलं नाही, कारण भाचीला कोण विचारतो.

आता विचारतो. तू कुठे काम करतेस?

हिमांशूचं लग्न ३१ जानेवारीला ठरलं, हे मला बाजारात दुसऱ्याकडून कळलं. रीत अशी की महाप्रसादाच्या घरी पत्रिका जात नाही, तो स्वतः हळद-तांदूळ घेऊन येतो, सगळ्यांच्या आधी. दाराकडे मी लक्ष ठेवून आहे असं नाही. पण अजून कुणी आलं नाही.

चैतराम


पुणे, ६ जानेवारी २०२६

ती. मामाजी,

यावेळी मी तुमच्या पाया पडते. रीत मोडली तरी चालेल.

लिपीसखा ज्या कंपनीने विकत घेतलं, त्याच कंपनीत मी दोन वर्षांपासून काम करते. गेल्या वर्षी ठरलं की एकदाच विकणं बंद. आता दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरायचे, नाही भरले तर बंद. जुन्या सीड्यांचं काय, तर ज्या कॉम्प्युटरला नेट लागेल, तिथे लिपीसखा आपोआप नवं होईल आणि जुना परवाना संपेल. तुमच्या कॉम्प्युटरला सोळा वर्षांत नेट लागलं नव्हतं म्हणून तो वाचला होता. महाप्रसादमामांनी तुमच्या पोस्टरसाठी फोटो उतरवायला मोबाईल जोडला आणि त्या पाच मिनिटांत ते झालं. त्यांनी काहीच नेलं नाही. आम्ही नेलं.

अजून एक आहे आणि तेच लिहायला मला दोन महिने लागले. पडद्यावरचं ते वाक्य माझं आहे. मराठी वाक्यं लिहिणं हे माझं काम. आधी मी लिहिलं होतं, 'कंपनीने आजीवन परवाने बंद केले आहेत. यापुढे दरवर्षी शुल्क भरावे लागेल.' वरून परत आलं. एवढं सरळ लिहिलं तर लोक चिडतात, म्हणाले. लोकांना वाटलं पाहिजे की त्यांच्याकडेच काहीतरी चुकलं आहे, म्हणजे ते भांडत नाहीत, फोन करतात आणि पैसे भरतात. म्हणून मी 'अन्यत्र वापरात असण्याची शक्यता' लिहिलं. मला वाटलं होतं, निरुपद्रवी आहे. शक्यतेने कुणाचं काय बिघडतं?

तुमचं पहिलं पत्र वाचताना ते वाक्य तुमच्या अक्षरात दिसलं आणि मी पत्र घडी घालून खणात टाकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नोकरीची भीती होती. आणि त्याहून जास्त, तुम्ही ज्या भाचीच्या पाया पडता तिने हे केलं, हे तुम्हाला कळण्याची. म्हणून मी गुपचूप माझ्या नावावर वर्षाचे पैसे भरून ते सुरू केलं. ३० तारखेच्या रात्री भरले. तुम्ही त्याच दिवशी त्यांचं नाव घेतलं असेल हे मला कसं कळणार? माझ्या लपवण्याने त्यांच्यावर शिक्काच बसला.

हे पत्र कुणालाही दाखवा. माझं नाव झाकू नका.

रेणू


देवरी, २५ जानेवारी २०२६

चि. रेणू हिस,

मामाचं पाया पडणं. ते बंद होणार नाही, तुला वाटलं असेल तर काढून टाक. भाची वर्गणीवर मिळत नाही. पण राग आहे आणि तोही लपवत नाही. निदान तू तरी सरळ लिहायचं होतंस. बाकी सगळ्या जगाने वाकडं लिहिलं तर मी समजून घेतो.

तुझ्यावर जेवढा राग आहे त्याच्या दुप्पट माझ्यावर आहे. तुमच्या वाक्यात 'अन्यत्र' होतं. 'योगराज' नव्हतं. ते मी घातलं.

नाट्य मंडळाची बैठक १८ जानेवारीला झाली. तुझं पत्र मी त्याच चाळीस माणसांपुढे उभं राहून वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तुझं नाव झाकलं नाही, माझं वागणंही झाकलं नाही. लोक म्हणाले, झालं ते झालं. दोघे-चौघे कंपनीला शिव्या देऊन मोकळे झाले. योगराज बैठकीला नव्हता. मी त्याचं नाव घेतलं त्यानंतर तो कधी आलाच नाही.

मग तुझी मामी बोलली, दीड महिन्यानंतर. म्हणाली, "लोकायले वाचून दाखवलं, तेथं कायले थांबले? ज्याले दुखवलं त्याच्यापाशी जा." तिनेच तांदळाची पुडी आणि नारळ पिशवीत घातला. एकतीस वर्षांपूर्वी नातं जोडताना जसं केलं होतं तसंच पुन्हा करावं, असं तिच्या मनात होतं. माझ्याही होतं. बसमध्ये मी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

कोहमाऱ्याला दुकानात तो एकटाच होता. हिमांशू लग्नाच्या कापडाला गेला होता. मला पाहून तो उठला. खुर्ची फडक्याने पुसली, पाणी दिलं, समोरच्या ढाब्यावर चहा सांगितला. मी तुझं पत्र दिलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घालून परत केलं. मी म्हणालो, माझं चुकलं. म्हणालो, तुझ्यावर संशय घेतला तेव्हा माझ्यापाशी पुरावा होता असं वाटत होतं, पण तुला विचारायचं धाडस नव्हतं, आणि विचारलं असतं तर तू दोन शब्दांत सांगितलं असतंस. पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला.

तो रागावला नाही. म्हणाला, "मी नाई केलं, हे मले माहीत होतं. तुमाले माहीत नोव्हतं, येवढंच." हसलासुद्धा थोडा. मामीच्या गुडघ्याचं विचारलं. पोराच्या लग्नाला या म्हणाला, टेबलाच्या खणातून छापील पत्रिका काढली, आणि माझ्यासमोर पाकिटावर नाव लिहून दोन्ही हातांनी दिली.

मी ते पाकीट पाहत बसलो. आत छपाई चांगली होती, पोराचा हात बसला आहे. पण माझं लक्ष नावावर होतं. नारळ आमच्या मध्ये तसाच होता, त्याला त्याने हात लावला नव्हता. चहा येऊन बराच वेळ झाला असेल, मला कळलं नाही. त्यानेच कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "घ्या, चाय थंडी होऊन राहिली, चैतरामजी."

एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आवाजात राग नव्हता, आदरच होता, 'जी' लावून म्हणाला. मी चहा संपवला आणि नारळ तिथेच ठेवून बसथांब्यावर आलो.

तुझा मामा